पेन्सिलीनं लिहिलेला ऑगस्ट

डॉक्टर श्रीकांत डफळापूरकर यांना कुणी 'देवमाणूस' म्हटलं की माझं डोकं फिरतं. माणसाला देव केलं की आपली सोय होते. देवापुढे ताट ठेवायचं, पाणी फिरवायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग तेच ताट उचलून आपण जेवायला बसायचं. ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात मी त्यांच्याबरोबर अकरा वर्षं काम केलं. त्यांच्या हक्काचा एक ऑगस्ट मी घेतला आणि दुसरा त्यांच्या हातून जाताना गप्प बसून पाहिला. तेव्हा बाकी कुणी काहीही म्हणो, मला तरी त्यांना देवमाणूस म्हणायचा अधिकार नाही.

मी त्यांना दादा म्हणायचे. दादा भूलतज्ज्ञ. मूळचे जत तालुक्यातले, मिरजेला शिकलेले, बहात्तर साली शैलावहिनींना घेऊन इंग्लंडात आले. फेलोशिपची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाले. मग कन्सल्टंटच्या जागेसाठी तीनदा मुलाखत दिली आणि तिन्ही वेळा ती जागा त्यांच्याहून वयानं लहान गोऱ्या माणसाला मिळाली. शेवटी ते असोसिएट स्पेशालिस्ट झाले. म्हणजे काम कन्सल्टंटचं, दारावर पाटी मात्र नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये काही अवघड झालं, बाळ निळं पडायला लागलं, की सगळे 'गेट डॉक्टर डी' म्हणून ओरडायचे. डफळापूरकर हे आडनाव तिथे कुणाला म्हणता आलं नाही आणि कुणी म्हणून बघितलंही नाही.

मी पंच्याऐंशी साली ज्युनिअर म्हणून तिथे लागले. पहिल्याच रविवारी दादांनी मला आणि माझ्या नवऱ्याला, राजीवला, घरी जेवायला बोलावलं. वहिनी कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी करायच्या. केतकी नऊ वर्षांची होती आणि सलील पाच. दादांना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नाही. वहिनी मात्र फटकळ. त्या घरात रागावायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते एकट्या माणसाला झेपण्यासारखं नव्हतं.

वाळवंटाचं वेड पुढच्या वर्षी शिरलं. हॉस्पिटलच्या कॉफी रूममध्ये एक जुनं मासिक पडलं होतं. त्यात ॲरिझोनाचा फोटो होता. लाल माती, माळावर उभे राहिलेले कातळ आणि मधून सरळ गेलेला रस्ता. दादांनी तो मला दाखवला.

"हे बघ. आमचं जतच आहे की हे."

घरी वहिनींनी त्याच फोटोवर कपाळाला हात लावला. "जन्मभर दुष्काळातनं पळालो. आता विमानाचं तिकीट काढून दुष्काळ बघायला जायचं!"

पण दादांचं ठरलं होतं. फिनिक्सला उतरायचं, गाडी भाड्यानं घ्यायची, फ्लॅगस्टाफ, ग्रँड कॅन्यन, मग नॅव्हाहो लोकांच्या मुलखातून मॉन्युमेंट व्हॅली आणि वर युटामध्ये. सोळा दिवस. मी विचारलं, वाळवंटच का? मुलं लहान आहेत, डिस्नीलँडला न्या की.

"पोरांना जतला नेतो तेव्हा त्यांना काय दिसतं? माशा, जुलाब आणि नातेवाईक," दादा म्हणाले. "मोकळं रान कसं असतं ते बघायला मिळतच नाही. आणि इथं मी घरी कधी असतो? असलो तरी हॉस्पिटलचा ब्लीप वाजतोच. तिथं सोळा दिवस गाडीत चौघंच. पुढं आम्ही, मागं ती दोघं. पोरं मागच्या सीटवर भांडतात तोवरच हे जमतं बघ. एकदा मोठी झाली की आपल्याबरोबर कोण येतंय?"

एवढीच त्यांची मागणी होती. अकरा वर्षांत त्यांनी दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. आणि हेही त्यांनी मागितलं नाही, फक्त मला सांगितलं.

मग वही सुरू झाली. थिएटरचं एक कोरं रजिस्टर त्यांनी घरी आणलं आणि त्यात सगळा प्रवास मराठीत लिहायला घेतला. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा. केतकीकडे रस्ते होते, सलीलकडे पाणी. 'माझा पाणी मीच घेणार,' असं तो म्हणायचा आणि बाथरूममधल्या वजनकाट्यावर जाऊन उभा राहायचा. कारण दादांनी पाण्याचा हिशेब भूलतज्ज्ञासारखा केला होता. किलोमागे तासाला किती, उन्हात किती, उलटी झाली तर वर किती. त्यासाठी दोघांची वजनं वहीत लिहिलेली असायची. केतकी तीस किलो, सलील वीस.

आता रजांच्या तक्त्याबद्दल सांगायला हवं, कारण घोडं तिथेच पेंड खात होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डिपार्टमेंटचा वर्षभराच्या रजांचा तक्ता लागायचा. तो करायचं काम दादांकडे होतं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. कॉफी रूमच्या भिंतीवर चौकटींचा मोठा कागद, डावीकडे नावं, वर आठवडे. एका वेळी तिघांनाच रजा. वरच्या ओळींत कन्सल्टंट, मग सीनिअर रजिस्ट्रार, मग आम्ही सगळे, आणि अगदी शेवटच्या ओळीत दादा. अनुभवानं ते दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत शोभले असते. तळाला त्यांनी स्वतःच स्वतःला घातलं होतं. बाकीचे पेननं लिहायचे. दादा आपल्या तारखा पेन्सिलीनं लिहायचे.

"दादा, तक्ता तुमच्याच हातात आहे," मी एकदा म्हटलं. "तुमचं आधी लिहा ना."

ते हसले. "अगं, पंगतीत वाढणाऱ्यानं आधी बसायचं असतं का?"

तेव्हा मला ते ऐकून गहिवरून आलं होतं. आता त्याची चीड येते. वाढणारा शेवटी जेवतो हे खरं, पण आपल्याकडे जेवून उठणाऱ्यालाही रीत ठाऊक असते. कुणीतरी आत डोकावून विचारतं, वाढणाऱ्यांपुरतं राहिलंय ना? जिलबी संपत आली की एखादी आत्या चार ताटांपुरती काढून वर झाकण ठेवते. आमच्या कॉफी रूममध्ये अशी आत्या नव्हती. तिथले इंग्रज काही दुष्ट नव्हते. ज्याला हवं असतं तो मागतो आणि जो मागत नाही त्याला नको असतं, अशी त्यांची सरळ समजूत होती. त्या खोलीत दोन्ही रीती माहीत असलेली मी एकटीच होते, आणि मला ज्या वेळी जी सोयीची, ती मी पाळली.

पहिला ऑगस्ट सत्त्याऐंशीचा. डिपार्टमेंटचे प्रमुख डॉक्टर हॅलम यांनी फ्रान्समध्ये घर घेतलं आणि त्यांना दोनाचे चार आठवडे हवे झाले.

"श्री, यू डोन्ट माइंड, डू यू?"

"नॉट ॲट ऑल," दादा म्हणाले आणि खिशातून खोडरबर काढलं.

पुढची दोन वर्षं जतनं घेतली. आधी आईचं आजारपण, मग तिचं वर्षश्राद्ध. त्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. पण दर रविवारी नकाशा निघतच होता. सलीलला मैलांसकट गावं पाठ झाली होती. शाळेत सुट्टीवर निबंध लिहायचा होता तेव्हा त्यानं मॉन्युमेंट व्हॅलीवर लिहिला आणि बाईंनी 'किती छान सहल झाली तुमची' असा शेरा मारला. दादांनी तो निबंध हॉस्पिटलात आणून सगळ्यांना दाखवला. सगळे हसले, मीसुद्धा.

नव्वद साली माझी पाळी आली.

त्या जानेवारीत दादांनी ऑगस्टच्या तीन आठवड्यांवर रेघ ओढली होती. नेहमीपेक्षा जरा गडद. दोघांच्या रजा आधीच पेननं लागल्या होत्या आणि तिसरी जागा दादांची होती. राजीव विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांचा कारखाना ऑगस्टमध्ये पंधरा दिवस बंद असायचा, आणि आम्हाला पुण्याला जायचं होतं. माझी ईशा तेव्हा पाच वर्षांची होती, नील तीन.

"दादा, मला ऑगस्ट हवा होता," मी म्हटलं. "बाबांची पंचाहत्तरी करायचीय."

दादांनी तक्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात मला एवढंच म्हणता आलं असतं की तुमचं ठरलं असेल तर राहू द्या. मला रेघ दिसत होती. मी ती न दिसल्यासारखं केलं.

"वडिलांची पंचाहत्तरी एकदाच येते," ते म्हणाले. "जा तू. वाळवंट काय पळून जातंय?"

त्यांनी रेघ खोडली, रबराचा चुरा फुंकून उडवला आणि स्वतःचं पेन माझ्या हातात दिलं.

माझ्या बाबांचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो. हे मी दादांना कधी सांगितलं नाही. पुण्यात कार्यक्रमाला आलेल्या एकानं विचारलं, दोन महिने आधीच कशी काय पंचाहत्तरी? तर बाबा कौतुकानं म्हणाले, "लेकीला रजा तेव्हाच मिळाली."

ब्याण्णव साली वहिनींनी सूत्रं हातात घेतली. केतकी सोळा वर्षांची झाली होती, सलील बारा. वहिनी लायब्ररीतून परस्पर ट्रॅव्हल एजंटकडे गेल्या आणि तिकिटं काढून आल्या. मला फोन करून म्हणाल्या, "नॉन-रिफंडेबल काढलीत, अनुराधा. बघते आता कुठल्या रबरानं खोडतात ते."

शनिवारचं विमान होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलांत नवे ज्युनिअर रुजू होतात. त्या वर्षी दोघांपैकी एक आलाच नाही आणि दुसऱ्याची तिसऱ्या दिवशी पाठ धरली. लोकम म्हणून बदली डॉक्टर मिळेना. हॅलम फ्रान्समध्ये. गुरुवारी दुपारी आम्ही सगळे कॉफी रूममध्ये बसलो होतो आणि मॅनेजरबाई विचारत होत्या, कुणाला काही करता येईल का? त्या कुणाच्याही तोंडाकडे बघत नव्हत्या. मी त्याच शनिवारपासून आठवडाभर वेल्समध्ये कॉटेज घेतलं होतं. तिथे समुद्र होता आणि पाऊस, दुसरं काही नव्हतं. वेल्स दोन तासांवर आहे, ते पुढच्या महिन्यात कुठल्याही शनिवारी गेलं असतं तरी चाललं असतं. मी कपातल्या चहाकडे बघत बसले. पाच जण पाच कपांकडे बघत बसले होते.

"आय विल सी टु इट," दादा म्हणाले.

कुणी त्यांना 'तुम्ही थांबा' म्हटलं नव्हतं. हे आम्ही नंतर एकमेकांना दोन-चार वेळा सांगितलं.

मी त्यांच्या प्रवासासाठी चिवडा केला होता. शुक्रवारी संध्याकाळी डबा घेऊन गेले. का गेले, कोण जाणे. बहुधा मला बघायचं होतं की फार काही बिघडलेलं नाही. दारात चार बॅगा उभ्या होत्या. दादा सोफ्याच्या कडेवर बसले होते आणि केतकीला समजावत होते की पुढच्या वर्षी ईस्टरला उलट हवा चांगली असते, ऊन कमी, आणि पुराचा धोका...

"डॅड, डोन्ट टेल अस एनी मोअर," केतकी म्हणाली. ओरडली नाही. "जायचं तर जा, नाही तर नको. पण आम्हाला सांगू नको. प्लीज. जस्ट डोन्ट टेल अस."

सलीलनं आपली बॅग आडवी केली, चेन उघडली आणि एकेक शर्ट, घडी न मोडता, वरच्या खोलीत कपाटात नेऊन ठेवायला लागला. चार-पाच फेऱ्या झाल्या. ते बघणं मला केतकीच्या बोलण्याहून जड गेलं.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. "म्हणतात, तुम्ही तिघं पुढं व्हा, मी आठवड्यानं येतो. मला ड्रायव्हिंग येत नाही, वाळवंटात काय चालत फिरू दोन मुलं घेऊन?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यांना कुणी उठवत नाही गं. हे आपणच उठतात पानावरून. पण तुमच्यातल्या एकीलाही बसा म्हणावंसं वाटलं नाही?"

एकीलाही, असं त्या म्हणाल्या. डिपार्टमेंटात बाई मी एकटीच होते.

चिवड्याचा डबा मी तसाच परत आणला. दुसऱ्या दिवशी वेल्सला जाताना आम्ही तो गाडीत खाल्ला.

पुढच्या वर्षी मी कन्सल्टंट झाले. ज्या माणसानं मला पहिला एपिड्युरल शिकवला त्यानं जानेवारीत माझं नाव वरून चौथ्या ओळीत लिहिलं आणि मनापासून आनंद झाल्यासारखं हात मिळवला. झाल्यासारखं कशाला, खरोखरच झाला असेल. त्याच गोष्टीनं तर माझी पंचाईत होते. त्यांनी एकदा तरी टोमणा मारला असता तर आमचा हिशेब मिटला असता.

चौऱ्याण्णव साली मी त्यांच्याकडे वही मागितली.

लिहितानाही लाज वाटते. राजीवला अमेरिकेत गाडी चालवायची हौस होती, ईशा नऊ वर्षांची झाली होती आणि नील सात. म्हणजे अगदी योग्य वय. ते योग्य आहे हे मला दादांच्याच बोलण्यातून कळलं होतं.

"दादा, तुमची ती वही मिळेल का? झेरॉक्स काढून परत देते."

त्यांचा चेहरा उजळला. हो, उजळला, मी काही वाढवून सांगत नाही. "अगं, जुनी झालीय ती. रस्ते बदललेत. थांब जरा." तीन रविवार बसून त्यांनी ती आमच्यासाठी दुरुस्त केली. कुठे नवा पेट्रोल पंप झाला, कुठे पूल झाला. वही देताना म्हणाले, "झेरॉक्स नको, हीच ने. मला पाठ आहे."

फिनिक्सहून निघालो आणि मी वही मांडीवर उघडली. पाण्याच्या पानावर दोन ओळी होत्या. केतकी: ३०, खोडून ३८, खोडून ४८, आणि पुढे नुसती रेघ. त्या वर्षी ती काट्यावर उभीच राहिली नसावी. सलील: २०, खोडून २६, खोडून ३२, खोडून ४०. त्याखाली ताज्या शाईत, ईशा आणि नील. दादांनी माझ्या मुलांची वजनं मला सहज बोलता बोलता विचारून घेतली होती.

बाकीची वही मात्र त्यांच्या मुलांचीच होती. 'फ्लॅगस्टाफ ते ट्यूबा सिटी, ७८ मैल. केतकीला वळणांवर मळमळतं. कॅमेरॉनला दहा मिनिटं थांबणे.' 'इथून सलील पुढे बसेल, त्याला पहिला कातळ आधी दिसला पाहिजे.' 'ओढा कोरडा दिसला तरी उतरायचं नाही. लांब डोंगरात पाऊस पडला की पाणी न सांगता येतं. हे मुलांना जतच्या ओढ्याची गोष्ट सांगून समजावणे.' 'इथे गाडी बंद करून पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही.'

मी मोठ्यानं वाचत होते. मागून नीलनं विचारलं, "मम्मी, सलील तर आलाच नाही. तो का पुढे बसणार?"

"नील, तू बस पुढे," राजीव म्हणाला. त्यानं गाडी बाजूला घेतली. नील पुढे बसला आणि पहिला कातळ त्याला आधी दिसला. तो आनंदानं किंचाळला. मी मागे बसून पुढचं पान उलटलं.

केयेंटा नावाच्या गावात वहीत लिहिलेल्या मोटेलातच आम्ही उतरलो. दादांनी तिथल्या मालकिणीला पत्र लिहून विचारलं होतं की मुलांना दुपारी खेळायला सावली आहे का, आणि तिनं उत्तर पाठवलं होतं की एक झाड आहे. ते उत्तर वहीत चिकटवलेलं होतं. मालकीण नॅव्हाहो, साठीची, जाड चष्म्याची. मी रजिस्टरमध्ये पत्ता लिहिला तसा तिनं तो उलटा वाचला.

"ब्रिस्टल, इंग्लंड," ती म्हणाली. "डॉक्टर?"

"हो."

"म्हणजे तुम्ही ते झाडाबद्दल विचारणारे!" तिनं काउंटरवर हात आपटला आणि आतल्या माणसाला हाक मारली. "ते इंग्लंडवाले आले शेवटी! दोनदा बुकिंग केलं, दोनदा माफी मागितली. दर वेळी लांबच लांब पत्र. मी याला म्हणायची, हा माणूस येणार नाही." मग ती पुढे वाकली आणि ईशा-नीलकडे बघून हसली. "आणि ही ती दोघं. मुलीला गाडी लागते, बरोबर ना?"

मी खरं सांगायला हवं होतं. दोन वाक्यांत झालं असतं. पण राजीव बॅगा काढत होता, मुलं दमली होती आणि बाईंना इतका आनंद झाला होता.

"हो," मी म्हटलं.

ती मुलांकडे बघत राहिली. चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "एव्हाना मोठी झाली असतील."

सकाळी तिनं खोलीचं भाडं कमी केलं. मी नको म्हटलं, तर म्हणाली, इतकी वर्षं वाट पाहिली त्याबद्दल. मी ते घेतलं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी फोटो घेऊन दादांकडे गेलो. केतकी लीड्सला शिकायला जाणार होती. तिच्या खोलीतून खोकी खाली येत होती. येता-जाता तिनं सात-आठ फोटो पाहिले, शेजाऱ्यांचे पाहावेत तसे. "नाइस, अनुमावशी," म्हणाली आणि वर गेली. सलील कानाला वॉकमन लावून बसला होता. मी त्याच्यापुढे मॉन्युमेंट व्हॅलीचा फोटो धरला, त्यात नील रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा होता. सलीलनं तो घेतला, बराच वेळ धरला, आणि पालथा करून टेबलावर ठेवला.

दादांनी मात्र एकेक फोटो चष्मा काढून जवळून पाहिला. "इथं डावीकडं वळलात ना? इथं पंप होता का? ओढ्यात पाणी आलं होतं?" त्यांचे प्रश्न संपेनात. गाडी बंद करून पाच मिनिटं थांबलो होतो का, हेही विचारलं. थांबलो होतो, असं मी सांगितलं. खरं तर नीलला दोन मिनिटंही गप्प बसवलं नव्हतं.

"आणि केयेंटाची बाई? तिनं ओळखलं का, माझ्याकडून आलाय म्हणून?"

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"ती नव्हती दादा," मी म्हटलं. "काउंटरवर दुसरंच कुणीतरी होतं."

"बरं झालं," दादा म्हणाले. "तिला मी खोटारडा वाटत असणार."

आता तरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "दादा, पुढच्या ऑगस्टला तुम्ही जाच. मी थांबते. सगळं मी कव्हर करते. हवं तर आत्ताच लिहून देते."

दादा जिन्याकडे बघत होते. वर केतकी काहीतरी ओढत होती. खोकं जड असावं, पण तिनं कुणाला हाक मारली नाही.

"कुणाला घेऊन जाऊ?" त्यांनी विचारलं.

वहिनी आत निघून गेल्या. राजीव फोटो गोळा करायला लागला. मी काहीतरी म्हणणार होते, तुम्ही दोघंच जा, वहिनींना घेऊन जा, असलं काहीतरी. पण दादांनी तोवर चष्मा परत लावला होता आणि खिशातून छोटी डायरी काढली होती. नेहमीच्या, कॉफी रूममधल्या आवाजात ते म्हणाले, "ते राहू दे गं. पुढच्या वर्षीचा तक्ता मी यंदा लवकरच मांडतोय. मुलांच्या शाळा बघून सांग, तुला कधी हवीय?"

मी राजीवकडे पाहिलं. त्यानं मान हलवली.

"पाच ते सव्वीस ऑगस्ट," मी म्हटलं.